नवा कर्नल आला आणि नेटवर्क गेलं : ऑफिसचं लिनक्स मशीन नव्यानं सांभाळणाऱ्यांसाठी

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला पुण्याजवळच्या भोसरीहून फोन आला. "सर, कुणालाच नेट नाही. प्रिंटर दिसेना, बिलिंग उघडेना. काल लाइट गेली होती, तेव्हापासून असंच आहे."

भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा सुट्टीचा वार, आणि दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचाही तोच वार. यूपीएसनं दोन तास ओढले, मग सर्व्हर बंद पडला. संध्याकाळी वीज आली तसा तो आपोआप चालू झाला. मी जाऊन केबल बदलली, स्विच बदलला, इंटरनेट देणाऱ्याला फोन केला. चार तास गेले. शेवटी सर्व्हरला स्क्रीन आणि कीबोर्ड लावला, तेव्हा कळलं की नेटवर्क कार्डाच्या दोन्ही पोर्टची नावं बदलली आहेत. आधी एक होतं 'ईएनपी१एस०एफ०', आता तेच 'ईएनपी१एस०एफ०एनपी०' झालं होतं. सेटिंगच्या फाइलीत मात्र जुनंच नाव होतं, त्यामुळे पोर्टला आयपी पत्ता मिळालाच नव्हता.

मशीनवर उबंटू २२.०४ होतं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा हार्डवेअर सांभाळणारा गाभा, ६.५ वरून ६.८ वर गेला होता, पण गुरुवारी नाही. तीन आठवड्यांपूर्वी एका रात्री आपोआप अपडेटनं तो डिस्कवर आणून ठेवला होता. मशीन बंद झालं नाही तोवर जुनाच कर्नल चालत राहिला, आणि पहिला रीबूट झाला तो वीज गेल्यामुळे. बिघाड आणि त्याचं कारण यांच्यात तीन आठवड्यांचं अंतर होतं, म्हणून "काल काय बदललं?" या प्रश्नाचं उत्तर "काहीच नाही" असं येत होतं.

त्यानंतर अशी पाच-सहा मशीन्स हाताखालून गेली. ज्यांच्या गळ्यात ऑफिसचा लिनक्स सर्व्हर नुकताच पडला आहे, त्यांचे ते चार तास वाचावेत म्हणून हे सगळं क्रमानं लिहितो आहे.

एक सूचना आधीच देतो. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी छोट्या लिपीत करायची, मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे. जिथे घोळ होऊ शकतो तिथे एकेक अक्षर सुटं सांगितलं आहे.

मुळात मोडतं काय?

लिनक्स कर्नलचा एक जुना आणि कडक नियम आहे : काल चालणारा प्रोग्राम नव्या कर्नलवरही चालला पाहिजे. लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स या नियमाबाबत अतिशय आग्रही आहेत. मग नेटवर्क का मोडतं? कारण हा नियम प्रोग्रामांना कर्नलकडून मिळणाऱ्या सेवांना लागू होतो. त्याच्या कडेला तीन जागा अशा आहेत जिथे तो पुरेसा पोचत नाही.

पहिली जागा कार्डांच्या नावांची. कर्नल फक्त 'ईटीएच०' असं साधं नाव देतो. त्यावरून लांब नाव तयार करतं ते यूडेव्ह, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या सिस्टमडी या व्यवस्थेतला हार्डवेअर ओळखणारा भाग, आणि त्यासाठी ते कर्नलकडून मिळालेली माहिती वापरतं : कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे, पोर्ट कितवा आहे. २०१३ पासून ही पद्धत आहे. नव्या कर्नलमधला ड्रायव्हर पोर्टबद्दल जास्त माहिती सांगायला लागला की नाव लांबतं. भोसरीच्या कार्डाचं तेच झालं.

दुसरी जागा कर्नलच्या पोटातली. बाहेरून बसवलेले ड्रायव्हर कर्नलच्या आतल्या रचनेला चिकटलेले असतात, आणि आतली रचना कायम ठेवण्याचं वचन कुणीही दिलेलं नाही. तिसरी जागा म्हणजे काढून टाकलेल्या किंवा वेगळ्या केलेल्या सोयी. बिघाड या तिन्हींपैकी कुठला, हे ठरलं की निम्मं काम झालं.

हाताशी काय हवं

- स्क्रीन, कीबोर्ड आणि सर्व्हरला चालेल अशी केबल. नेटवर्कच गेलेलं असताना दुरून लॉगिन होणार नाही. जुन्या सर्व्हरला व्हीजीए लागते, हे आधी बघून ठेवा.
- अॅडमिनचा पासवर्ड. नुसती एसएसएच की असून भागत नाही, समोर बसल्यावर पासवर्डच लागतो.
- यूएसबीला लावायचा इथरनेट अडॅप्टर. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सहज मिळतो. घेण्याआधी तो तुमच्या लॅपटॉपवरच्या लिनक्सला लावून बघा. वेगळा ड्रायव्हर न टाकता चालला तरच घ्या.
- लाइव्ह लिनक्स असलेला पेनड्राइव्ह.
- एक कागद. त्यावर प्रत्येक पोर्टचा मॅक पत्ता (कार्डाला कारखान्यातच मिळालेला क्रमांक), आयपी पत्ता, गेटवे आणि कुठली केबल कुठे जाते हे लिहिलेलं असावं. नसेल तर आजच लिहा, मशीन नीट चालू असतानाच.

१. चालू कर्नल कोणता, ते आधी बघा

'युनेम -आर' ही कमांड द्या आणि आलेला आकडा कागदावर लिहा. मग 'जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स' दिलंत तर मशीन कधी कधी चालू झालं त्याची यादी येते. आधीच्या वेळी कर्नल कोणता होता हे 'जर्नलसीटीएल -के -बी -१' या नोंदीत वरच सापडतं. दोन आकडे वेगळे असतील तर कर्नलवर संशय घ्यायला जागा आहे. सारखे असतील तर इथे वेळ घालवू नका. केबल, स्विच आणि इंटरनेट जोडणीकडे वळा.

उबंटू आणि डेबियनवर '/व्हार/लॉग/एपीटी' या फोल्डरातल्या 'हिस्टरी' फाइलीत नवा कर्नल कुठल्या तारखेला बसला ते लिहिलेलं असतं. भोसरीला मला ही तारीख दिसली तेव्हा सगळा उलगडा झाला.

२. आधी ऑफिस चालू करा : जुन्या कर्नलवर परत जा

माणसं खोळंबलेली असताना शोध घेत बसू नका. जुना कर्नल बहुधा डिस्कवर असतोच. उबंटू निदान एक मागचा ठेवतं. फेडोरा आणि रेड हॅट घराण्यात पॅकेजं बसवणाऱ्या डीएनएफची मूळ मर्यादा तीन कर्नलांची आहे.

मशीन रीबूट करा. सुरुवातीला कर्नल निवडून देणाऱ्या ग्रबचा मेनू दिसत नसेल तर जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा, यूईएफआयच्या मशीनवर एस्केप दाबा. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जाऊन आधीचा आकडा निवडा. 'रिकव्हरी मोड' लिहिलेली ओळ नको, त्याच्या वरची साधी ओळ घ्या.

जुन्या कर्नलवर नेटवर्क परत आलं तर दोन गोष्टी सिद्ध झाल्या : दोष नव्या कर्नलशी जोडलेला आहे, आणि तुमच्याकडे आता इंटरनेट आहे. पुढच्या दुरुस्तीला लागणारी पॅकेजं इथूनच उतरवून घ्यायची.

हे सगळं होईपर्यंत 'एपीटी ऑटोरिमूव्ह' चालवू नका. त्यात तुमचा जुना कर्नल, म्हणजे परतीची वाटच पुसली जाऊ शकते.

३. कार्ड दिसतंय का, ड्रायव्हर लागलाय का

आता वेळ काढून नव्या कर्नलवर परत या. शनिवारी दुपारनंतर किंवा सुट्टीच्या दिवशी आलात तर उत्तम. 'आयपी -बीआर लिंक' द्या. एका ओळीत एक इंटरफेस, त्याची स्थिती आणि मॅक पत्ता. हा मॅक तुमच्या कागदाशी ताडून बघा.

मॅक आहे पण नाव वेगळं आहे? पायरी ४.

मॅकच कुठे नाही? मग 'एलएसपीसीआय -एनएनके' द्या आणि इथरनेटची नोंद शोधा. तिच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ हवी. ती नसेल तर कार्ड स्लॉटमध्ये आहे पण त्याला चालवणारं कुणी नाही. पायरी ५.

ड्रायव्हर आहे पण पोर्ट उठत नाही, असंही होतं. तेव्हा 'डीएमईएसजी' मध्ये 'फर्मवेअर' हा शब्द शोधा. नवा ड्रायव्हर कधी कधी फर्मवेअरची नवी फाइल मागतो. उबंटूवर 'लिनक्स-फर्मवेअर' पॅकेज ताजं करा. डेबियन १२ पासून अशा फाइली 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या वेगळ्या विभागात ठेवल्या आहेत, तो विभाग सोर्सच्या यादीत आहे का ते बघा.

४. नाव बदललंय : सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं

'डीएमईएसजी' मध्ये 'रीनेम्ड' शोधा. कुठल्या 'ईटीएच'चं काय नाव झालं ते स्वच्छ लिहिलेलं असतं.

नाव वाचायला शिकून घ्या, भीती जाते. 'ईएन' म्हणजे इथरनेट, 'डब्ल्यूएल' म्हणजे वायफाय. त्यापुढे 'ओ' असेल तर मदरबोर्डवरचं कार्ड, 'पी' आणि 'एस' म्हणजे पीसीआयची बस आणि स्लॉट, 'एफ' म्हणजे त्याच कार्डावरचा कितवा भाग. 'एक्स' असेल तर पुढे थेट मॅक पत्ता, डेबियन-उबंटूवर यूएसबी अडॅप्टरला असंच नाव मिळतं. शेवटचं 'एनपी०' म्हणजे ड्रायव्हरनं स्वतः सांगितलेलं पोर्टचं नाव. कर्नलनं ड्रायव्हर बदलला की बदलतो तो हा शेपटाचा भाग. बसचा आकडाही बदलू शकतो : नवं ग्राफिक्स कार्ड किंवा एखादी एनव्हीएमई डिस्क बसवली की मधले आकडे सरकतात. तेव्हा कर्नलचा काही संबंध नसतो, लक्षण मात्र तेच दिसतं.

घाईत सुचणारा उपाय म्हणजे सेटिंगच्या फाइलीत नवं नाव लिहायचं. चालतं, पण पुढच्या वेळी पुन्हा तेच. नावावर विसंबू नका, मॅकवर विसंबा. कार्ड तेच असेल तोवर मॅक तोच राहतो.

उबंटूवर, म्हणजे नेटप्लॅन (नेटवर्कची सेटिंग सांभाळणारी सोय) असलेल्या मशीनवर, '/ईटीसी/नेटप्लॅन' मधल्या फाइलीत त्या इंटरफेसखाली 'मॅच' लिहून त्यात 'मॅकॲड्रेस' द्या, आणि 'सेट-नेम' मध्ये तुम्हाला हवं ते नाव. मी आतल्या जाळ्याला 'लॅन०' आणि बाहेरच्याला 'वॅन०' देतो. रात्री दोनला कुणी फोन केला तरी कुठलं पोर्ट कुठलं हे तोंडी सांगता येतं.

नेटप्लॅन नसलेल्या मशीनवर '/ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क' मध्ये '१०-लॅन०.लिंक' अशी फाइल बनवा. तिच्या 'मॅच' भागात 'परमनंटमॅकॲड्रेस' आणि 'लिंक' भागात 'नेम'. इथे 'मॅच', 'लिंक' आणि 'नेम' यांचं पहिलं अक्षर मोठं, आणि 'परमनंटमॅकॲड्रेस' मध्ये 'पी', 'एमएसी' आणि त्यापुढचा 'ए' मोठ्या लिपीत. एवढंच.

इथले सापळे मात्र एकेक करून सांगतो, कारण प्रत्येकात मी किंवा माझ्या ओळखीचं कुणीतरी अडकलेलं आहे.

नव्या नावासाठी 'ईटीएच०' वापरू नका. कर्नल स्वतः तीच नावं वाटत असतो, दोन कार्डं एकाच नावासाठी भांडतात आणि कधी चालतं तर कधी चालत नाही. असा अधूनमधून येणारा दोष शोधणं फार जड जातं.

'लिंक' फाइल केल्यावर इनिटरॅमएफएस, म्हणजे मशीन उठताना सगळ्यात आधी चढणारी छोटी प्रतिमा, पुन्हा बांधा : डेबियन-उबंटूवर 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू', रेड हॅट घराण्यात 'ड्रॅकट -एफ'. मशीन उठताना नावं अगदी सुरुवातीलाच दिली जाऊ शकतात, आणि तेव्हा तुमची मूळ डिस्क जोडलेलीही नसते. नवी फाइल त्या छोट्या प्रतिमेत नसेल तर जुनाच नियम लागतो.

नेटप्लॅनच्या फाइलीत टॅब चालत नाही, मोकळ्या जागाच हव्यात. बदल तपासायला 'नेटप्लॅन ट्राय' द्या. १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबला नाही तर जुनी सेटिंग परत येते, म्हणजे दुरून काम करताना बाहेर फेकले गेलात तरी दोन मिनिटांत आत येता येतं. नाव बदलण्याची खात्री मात्र रीबूट करूनच करा.

'५०-क्लाउड-इनिट' नावाची फाइल असेल तर ती क्लाउड-इनिट हे मशीनची पहिली मांडणी करणारं साधन स्वतः लिहितं, आणि तुमचे बदल पुन्हा लिहून पुसू शकतं. त्याला नेटवर्कपासून दूर राहायला सांगणारी फाइल '/ईटीसी/क्लाउड/क्लाउड.सीएफजी.डी' मध्ये ठेवावी लागते. 'नेटवर्क' खाली 'कॉन्फिग: डिसेबल्ड' एवढाच तिचा मजकूर.

इंटरफेसच्या नावाला १५ अक्षरांची मर्यादा आहे. 'ईएनपी१२९एस०एफ०एनपी०' हे इंग्रजीत १३ अक्षरांचं होतं. त्यावर व्हीलॅन (एकाच केबलवरचं वेगळं जाळं) १०० काढायला गेलात तर टिंब आणि तीन आकडे मिळून १७ होतात, आणि इंटरफेस बनतच नाही. मूळ पोर्ट चालू, सगळे व्हीलॅन बंद, असं विचित्र चित्र दिसलं तर आधी अक्षरं मोजा. छोटं नाव देण्याचं हे आणखी एक कारण.

आणि शेवटी : जुनं नाव फक्त एकाच फाइलीत नसतं. 'ग्रेप -आर' लावून जुनं नाव पूर्ण '/ईटीसी' मध्ये शोधा. बाकीच्या मशीन्सना आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरच्या '/ईटीसी/डिफॉल्ट' मधल्या फाइलीत, डीएनएसमास्कच्या 'इंटरफेस' ओळीत, फायरवॉलच्या नियमांत, सांबाच्या सेटिंगमध्ये ते दडलेलं असतं. भोसरीला सर्व्हरला इंटरनेट आधीच आलं होतं. बाकीच्या मशीन्सना पत्ते मिळायला आणखी पाऊण तास लागला, कारण डीएचसीपी जुन्या नावाची वाट बघत होतं.

'नेट.आयएफनेम्स=०' हा पर्याय कर्नलला देऊन जुनी 'ईटीएच०' पद्धत परत आणा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. एकच कार्ड असलेल्या मशीनवर तो चालून जातो. दोन कार्डांच्या गेटवेवर अजिबात करू नका. कुठलं कार्ड आधी सापडेल यावर 'ईटीएच०' ठरतं, आणि एखाद्या दिवशी आतलं आणि बाहेरचं जाळं अदलाबदल होईल.

५. बाहेरून बसवलेला ड्रायव्हर बांधलाच गेला नाही

नारायण पेठेतल्या एका ऑफिसात साधा डेस्कटॉप फाइल सर्व्हर म्हणून ठेवला होता. मदरबोर्डवर रिअलटेकचं कार्ड. कुणीतरी पूर्वी 'आर८१६८-डीकेएमएस' बसवलं होतं. रीबूटनंतर 'एलएसपीसीआय'मध्ये कार्ड दिसायचं, ड्रायव्हरची ओळ गायब.

डीकेएमएस म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर तिथल्या तिथे बांधून देणारी सोय. त्यासाठी त्या कर्नलची हेडर पॅकेजं आणि कंपायलर लागतात. हेडर नसतील, किंवा नव्या कर्नलमध्ये आतलं एखादं फंक्शन बदललं असेल, तर बांधणी फसते. अपडेटच्या वेळी पडद्यावर त्याची तक्रार येते खरी, पण रात्री आपोआप झालेल्या अपडेटची तक्रार कोण वाचणार?

या पॅकेजात आणखी एक गोम आहे. ते कर्नलमधला मूळ 'आर८१६९' ड्रायव्हर बंदीच्या यादीत टाकतं, दोघांची भांडणं नकोत म्हणून. त्यामुळे नवा बांधला गेला नाही आणि जुन्याला बंदी, अशी अवस्था होते. त्या ऑफिसात मी '/ईटीसी/मॉडप्रोब.डी' मधली बंदीची ओळ काढली, पॅकेज काढलं, इनिटरॅमएफएस पुन्हा बांधलं. कर्नलमधल्या मूळ ड्रायव्हरवर ते कार्ड तेव्हापासून नीट चालतंय. बाहेरचा ड्रायव्हर एके काळी गरजेचा होता म्हणून आजही आहे असं धरू नका. आधी मूळ ड्रायव्हर वापरून बघा.

बाहेरचाच लागत असेल, तर जुन्या कर्नलवर जाऊन :

- 'डीकेएमएस स्टेटस' द्या आणि नव्या कर्नलच्या आकड्यापुढे 'इन्स्टॉल्ड' आहे का बघा.
- नव्या कर्नलच्या नेमक्या आकड्याची हेडर पॅकेजं बसवा.
- 'डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के' आणि पुढे तो आकडा द्या.
- फसलं तर '/व्हार/लिब/डीकेएमएस' मधली 'मेक.लॉग' वाचा. पहिली चूक महत्त्वाची, खालच्या चुका तिच्यातूनच येतात.

बांधणी झाली, तरी मॉड्यूल चढवताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं आलं तर सिक्युअर बूट चालू आहे आणि ड्रायव्हरवर मान्य सही नाही. 'मोकयूटिल --एसबी-स्टेट' नं ते कळतं. तुमची की नोंदवण्यासाठी रीबूटच्या वेळी निळ्या पडद्यावर पासवर्ड द्यावा लागतो, म्हणजे पुन्हा मशीनसमोर जाणं आलंच.

उबंटूवर ड्रायव्हर गायब असण्याचं अगदी साधं कारणही असतं : 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' हे पॅकेज नव्या कर्नलसाठी बसलेलंच नसतं, आणि बरेच ड्रायव्हर त्यात असतात. '/बूट' भरलेलं असेल तर इनिटरॅमएफएस अर्धवट राहतं. 'डीएफ -एच' एकदा बघून घ्या.

वायरगार्ड (व्हीपीएन) वापरत असाल तर आठवण : ते २०२० साली ५.६ पासून कर्नलमध्येच आलं आहे. जुनं 'वायरगार्ड-डीकेएमएस' अजून लटकत असेल तर काढून टाका.

६. नेट चालू आहे, पण फायरवॉल आहे का?

ही पायरी वगळू नका. नेट परत आलं की सगळे कामाला लागतात आणि फायरवॉल उघडा आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

एनएफटेबल्स, म्हणजे कर्नलमधली फायरवॉलची सोय, तिच्या नियमांत इंटरफेस दोन प्रकारे लिहिता येतो : 'आयआयएफ' आणि 'आयआयएफनेम'. पहिला प्रकार नियम चढतानाच त्या नावाचं कार्ड शोधतो. ते नसेल तर चूक येते, आणि एनएफटेबल्स पूर्ण फाइल एकदमच घेतं किंवा एकदमच नाकारतं. म्हणजे एका जुन्या नावामुळे एकही नियम लागत नाही. भोसरीच्या मशीनवर नेमकं हेच झालं होतं. 'एनएफटी लिस्ट रूलसेट' दिलं आणि उत्तरात काहीच आलं नाही. त्या क्षणी मी बाहेरची केबल काढली, नियमांतली नावं दुरुस्त केली आणि मगच केबल परत लावली. 'आयआयएफनेम' वापरा. त्याला कार्ड नंतर आलं तरी चालतं.

आयपीटेबल्स ही फायरवॉलची जुनी कमांड वापरत असाल तर 'आयपीटेबल्स -व्ही', त्यातला 'व्ही' मोठ्या लिपीतला. कंसात 'एनएफ_टेबल्स' येतं की 'लेगसी' ते बघा. एनएफटेबल्स कर्नलमध्ये २०१४ साली ३.१३ मध्ये आलं, आणि २०१९ च्या डेबियन १० पासून आयपीटेबल्सची कमांड मुळात त्याच्याच भाषेत बोलते. डेबियनची मोठी आवृत्ती बदलताना काही नियम लेगसीत आणि काही नव्यात असे विभागले जातात. दोन्हीही पाकिटं अडवत असतात, आणि तुम्हाला एकाच बाजूची यादी दिसते. दोन्ही याद्या बघा आणि एकच ठेवा.

ऑफिसचं स्कॅनर-प्रिंटर मशीन गेटवेतून बाहेर एफटीपीनं फाइल पाठवत असेल आणि तेवढंच बंद पडलं असेल, तर कारण वेगळं आहे. एफटीपीची दुसरी जोडणी ओळखणारा मदतनीस कर्नल पूर्वी आपोआप लावायचा. ४.७ पासून ते मुळात बंद केलं, आणि ६.० मध्ये ते पुन्हा चालू करण्याचं बटणही काढलं. आता नियम स्वतः लिहावा लागतो : 'रॉ' टेबलमध्ये पोर्ट २१ साठी 'सीटी' (मोठ्या लिपीत) लक्ष्य आणि 'हेल्पर एफटीपी'.

७. सिसिटीएलच्या जुन्या ओळी

सिसिटीएल (एस-वाय-एस-सी-टी-एल) म्हणजे कर्नलच्या सेटिंग बदलणारी कमांड. 'सिसिटीएल -पी' देऊन बघा. 'टीसीपी_टीडब्ल्यू_रिसायकल' सापडत नाही असं म्हणाला तर ती ओळ खुशाल काढा. २०१७ मध्ये ४.१२ कर्नलनं ती सोयच काढली, आणि एकाच पत्त्यामागे अनेक मशीन असलेल्या ऑफिसांना ती आधीपासूनच त्रास देत होती. तुमची सुरुवातीची स्क्रिप्ट पहिल्या चुकीवर थांबणारी असेल तर या एका ओळीमुळे पुढचं आयपी फॉरवर्डिंगही चालू होत नाही.

'ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स' सापडत नसेल तर ती मात्र काढू नका. ३.१८ पासून ती सोय 'बीआर_नेटफिल्टर' या वेगळ्या मॉड्यूलमध्ये गेली. '/ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी' मध्ये एक फाइल करून त्या मॉड्यूलचं नाव लिहा.

८. 'आयएफकॉन्फिग'ची सवय सोडा

जुन्या टिपणांत 'आयएफकॉन्फिग', 'रूट', 'आयडब्ल्यूकॉन्फिग' असतात. 'आयएफकॉन्फिग' कर्नलशी जुन्या मार्गानं बोलतं आणि एका कार्डावरचे सगळे पत्ते दाखवतंच असं नाही. 'आयपी' आणि 'आयडब्ल्यू' वापरा. रेड हॅट घराण्यात 'आयएफसीएफजी' फाइली असतील तर आवृत्ती ९ वर असतानाच 'एनएमसीएलआय कनेक्शन मायग्रेट' नं त्या नव्या स्वरूपात आणा. आवृत्ती १० त्या वाचत नाही.

९. पुढचा रीबूट तुम्ही ठरवलेल्या वेळी

आपोआप अपडेट बंद करू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. मात्र नवा कर्नल पहिल्यांदा चालेल तो तुम्ही समोर असताना. '/व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड' ही फाइल दिसली की नवा कर्नल बसलेला असण्याची शक्यता धरा, '/बूट' मधली यादी बघा आणि वेळ ठरवा. माझ्या सगळ्या भोसरीच्या मशीन्ससाठी ती बुधवारी संध्याकाळी सहानंतर असते, म्हणजे गुरुवारच्या आधी सगळं उरकलेलं असतं.

काही दिवस थांबायचंच असेल तर 'एपीटी-मार्क होल्ड' लावा, पण तो 'लिनक्स-जेनेरिक' सारख्या मुख्य पॅकेजांवर. आकडा असलेल्या पॅकेजावर लावून उपयोग नाही, नवा कर्नल वेगळ्या नावानं येतो. कॅलेंडरमध्ये होल्ड काढायची तारीख त्याच वेळी टाका.

मशीन दूर असेल तर ग्रबकडून एकदाच नवा कर्नल चालवून घेता येतो. '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' मध्ये 'ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड' करा (बरोबरच्या चिन्हाआधीचं सगळं मोठ्या लिपीत), 'अपडेट-ग्रब' द्या, 'ग्रब-सेट-डिफॉल्ट' नं जुना कर्नल कायमचा ठरवा आणि 'ग्रब-रीबूट' नं नवा फक्त पुढच्या वेळेपुरता. मेनूतली ओळ आकड्यानं सांगू नका, पूर्ण नावानं सांगा. नवा कर्नल बसला की आकडे सरकतात. नेटवर्क आलं नाही तर ऑफिसातल्या माणसाला एवढंच सांगायचं : "बटण दाबून बंद करा, परत चालू करा." ते जुन्यावर उठतं. '/बूट' एलव्हीएमवर (डिस्कचे लवचिक भाग करणारी सोय) असेल तर ग्रबला तिथे लिहिता येत नाही आणि 'एकदाच' हे 'दरवेळी' होऊन बसतं. 'एलएसबीएलके' देऊन आधी खात्री करा.

नव्या कर्नलवर उठल्यावर मी या क्रमानं बघतो : 'आयपी -बीआर ॲड्र', 'आयपी रूट', गेटवेला पिंग, एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग, 'एनएफटी लिस्ट रूलसेट', 'सिस्टमसीटीएल --फेल्ड'. मग शेजारच्या टेबलावरच्या मशीनची केबल काढून परत लावतो, डीएचसीपीनं नवा पत्ता दिला की नाही ते पाहायला. प्रिंटरवर एक पान काढतो. मग कागदावर तारीख आणि कर्नलचा आकडा लिहून तो सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवतो.